ओलं फडकं

मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दीड वाजले होते, नुकताच डबा उघडला होता आणि फोन वाजला.

"डॉक्टर, आमची कॉकटेलं तोंड उघडून बसलीयेत. दोन्ही. पंख असे अंगापासून लांब धरलेत."

कॉकाटील या तुरेवाल्या छोट्या पोपटाला बाजारात सगळे कॉकटेलच म्हणतात, मीही आता दुरुस्त करत नाही. "पिंजरा उन्हात नाही ना, काकू?"

"छे हो, सावलीत आहे. पण लाईट गेलीय मगाशी."

"मग एक सुती फडकं ओलं करून पिंजऱ्यावर टाका. तासाभरात उतार पडला नाही तर घेऊन या."

पोळीचा घास तोडता तोडता दिलेला सल्ला. 'लाईट गेलीय' हे मी ऐकलं आणि सोडून दिलं.

माझं शिक्षण नागपूरचं. त्यानंतर सहा वर्षं अकोल्यात प्रॅक्टिस केली आणि मग डोंबिवलीत आलो. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४४ वर असताना खिडकीला वाळ्याची ताटी, दाराशी कूलर आणि पिंजऱ्यावर ओलं गोणपाट असलं की पाखरं निभावून जायची. तिथं फडकं अर्ध्या तासात कडकडीत वाळतं, आणि वाळता वाळता आतली हवा गार करतं. हे इतकं अंगात मुरलं होतं की फोनवर तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

पावणेतीनला काकू रिक्षातून उतरल्या. हातात बुटांचा खोका, झाकणाला सुईनं पाडलेली भोकं. खोका उघडला तर नर गेलेला होता. पिवळा चेहरा, गालावर नारिंगी ठिपका, तुरा मानेवर आडवा पडलेला. त्याच्या शेजारी मादी डोळे अर्धवट मिटून, चोच उघडी ठेवून धापा टाकत होती. प्रत्येक श्वासाला शेपटी पंपाच्या दांड्यासारखी खालीवर व्हायची. हातात घेतली तर पाय चटका बसावा इतके गरम. वजन ८४ ग्रॅम.

"पाणी पाजते थांबा," म्हणत काकूंनी पर्समधून ड्रॉपर काढला. तो मी जवळजवळ हिसकावूनच घेतला. धापा टाकणाऱ्या पाखराच्या चोचीत पाणी सोडलं की ते सरळ श्वासनलिकेत उतरतं.

बर्फ नाही, फ्रीजचं पाणीही नाही. माठातल्या नव्हे, नळाच्या साध्या पाण्यात कापूस बुडवून आधी पाय आणि बोटं ओली केली. मग पंख उचलून काखेतली पिसं बाजूला सारली आणि तिथली उघडी कातडी पुसली. कॉकाटीलच्या अंगावर पांढरी भुकटी असते. ती पाण्यात कालवून माझ्या बोटांना पिठासारखी चिकटली होती. टेबलफॅन सर्वांत कमी वेगावर, थेट अंगावर न सोडता भिंतीकडे तोंड करून. सोबत ऑक्सिजन, आणि त्वचेखाली चार मिलिलिटर सलाईन. बारा-पंधरा मिनिटांनी तिनं चोच मिटली. तेव्हा कापूस बाजूला ठेवला. एवढासा जीव, आणखी पाच मिनिटं पुसत राहिलो असतो तर उलटा गारठला असता.

मग विचारलं, "सावली म्हणजे नेमकी कुठली जागा?"

"ड्राय बाल्कनी."

ड्राय बाल्कनी नाव कुणी दिलं कोण जाणे. घरातली सर्वांत ओली जागा तीच. वॉशिंग मशीन तिथं, दोरीवर दोन बादल्या कपडे तिथं, आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून बाहेरून पारदर्शक पत्रा ठोकलेला. एक्झॉस्ट फॅन चालू असेपर्यंत जरा तरी वारा होता. लाईट गेली तसा तो थांबला. त्यावर माझ्या सांगण्यावरून भिजवलेली आख्खी चादर चारी बाजूंनी.

पक्ष्याला घाम येत नाही, त्याला घामाच्या ग्रंथीच नसतात. अंगाचं तापमान मुळात ४१ अंशांच्या आसपास, आणि ते वाढायला लागलं की चोच उघडून तोंडातला, श्वासनलिकेतला ओलावा बाहेरच्या हवेत सोडायचा, हा त्याचा मुख्य उपाय. पण हवा आधीच पाण्यानं गच्च भरलेली असेल तर तो ओलावा घेणार कोण? अकोल्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओलं फडकं २३-२४ अंशांपर्यंत गार होतं. डोंबिवलीत ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर तेच फडकं २९-३०च्या खाली उतरत नाही. बंद बाल्कनीत तर तेवढंही नाही. फडक्यानं वारा अडवला आणि आतली दमट हवा आणखी दमट केली. खरं तर फडकं काढा, पिंजरा हॉलमध्ये आणा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा, हातपंख्यानं वारा घाला आणि लगेच निघा, एवढंच सांगायला हवं होतं.

काकू खोक्याकडे बघत म्हणाल्या, "फडकं तर लगेच टाकलं होतं हो मी."

"फडकं टाका हे माझं चुकलं, काकू. इथल्या हवेत ते चालत नाही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "नसतं टाकलं तर वाचला असता?"

"सांगता येत नाही. पण जास्त वेळ मिळाला असता."

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं आणि मादीला रात्रभर ठेवून घ्यायला सांगितलं. संध्याकाळी आठच्या सुमारास तिनं कांगणीचे चार दाणे फोडले.

काउंटरवर 'उन्हाळ्यात पक्ष्यांची काळजी' या माझ्या पत्रकाचा गठ्ठा असतो. अकोल्यात लिहिलेलं, इथं येऊन फक्त पत्ता बदलून झेरॉक्स काढलेलं. तिसऱ्याच ओळीत लिहिलंय: पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकावं. किती जणांनी ते घरी नेलं असेल, मोजलेलं नाही. गठ्ठा त्याच रात्री रद्दीत टाकला. आता फोन आला की आधी तीन प्रश्न: पिंजरा कुठं आहे, लाईट आहे का, दोरीवरचे कपडे वाळतायत का. कपडे वाळत नसतील तर पाखराचाही ओलावा हवेत जात नाहीये.

तिसऱ्या दिवशी काकू मादीला न्यायला आल्या.

"ड्राय बाल्कनीत परत नको," मी म्हणालो.

"हॉलमध्येच ठेवणार. ह्यांना बातम्यांच्या वेळी शिट्टी चालत नाही, पण आता सांगीन, ऐका मुकाट्यानं."

"ही मादी आहे, काकू. ही फारशी शिट्टी मारत नाही. मारायचा तो."

"हो," त्या म्हणाल्या, आणि पिंजऱ्याची कडी दोनदा तपासून घेतली.