पट्टी पर्समध्ये, मुलगी बाकावर

‘बाई, पाळीच्या दुखण्यावर तुम्ही स्वतः दर महिन्याला गोळी घेता, पट्टी पर्समध्येच असते, मग कळांनी पिळवटणाऱ्या पोरीला एक द्यायला काय होतं?’ बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत सहकारी शिक्षिकांनी हे अनेकदा विचारले आणि मागच्या महिन्यात एका मुलीच्या आजीने विचारले, म्हणून लिहिते.

गोळीशी माझे वैर नाही. गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये स्नायू आवळतात आणि मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन त्यांची निर्मितीच रोखते, म्हणून कळ शिगेला पोहोचण्याआधी, काहीतरी खाऊन घेतलेल्या गोळीचा गुण अधिक येतो. मी दोन दिवस घेते, तिसऱ्या दिवशी थांबते. गोळीने मूल होत नाही, असे मला डॉक्टरांनी कधी सांगितलेले नाही; सांगितले ते शेजारणींनी.

सहा वर्षांपूर्वीच्या जुलैत नववीतली एक मुलगी बाकावर डोके टेकून रडत होती. ‘काही खाल्लंस का?’ असे मी विचारले, ती भाकरी खाल्ल्याचे म्हणाली आणि योग्य प्रश्न विचारल्याच्या समाधानात मी माझी गोळी तिला दिली. तासाभराने ती खिडकीशी वाकून बसलेली दिसली तेव्हा मला ते पोटदुखीचेच वाटले. जवळ गेल्यावर छातीतली शिट्टी ऐकू आली. ती श्वास शोधत होती. दम्याचा पंप घरी राहिला होता आणि बाहेर पाऊस कोसळत होता. दुधाच्या टेम्पोतून आम्ही तिला खानापूरला नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न कन्नडमध्ये केला, ‘एन कोट्रि?’ काय दिलंत, हे समजण्याइतके कन्नड मला येते. मी पट्टी पुढे केली. ॲस्पिरिनच्या या कुळातल्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांचा श्वास अडकतो, हे तेव्हा मला कळले. वाफारा दिल्यावर संध्याकाळपर्यंत ती सावरली. तिची आई धावत आली आणि माझेच हात धरून म्हणाली, ‘बाई, तिला दमा आहे हे मीच सांगायला पाहिजे होतं.’ ती मला चार शब्द रागाने बोलली असती तर बरे झाले असते.

दोष गोळीचा की ओल्या हवेचा, हे नक्की सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. त्या वाक्याचा आधार मी वर्षभर घेतला. आता घेत नाही, पण ते खोटे होते असेही म्हणवत नाही. २०२३च्या अखेरीस औषधांची मानके ठरवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज येऊ शकते, असा इशारा दिला, तेव्हा ‘बघा, बाईंचंच खरं’ म्हणत बातमी मला दाखवणारेही भेटले. ते प्रकरण वेगळे होते आणि मी त्या महिन्यातही गोळी घेतली.

मागच्या महिन्यातल्या मुलीसाठी गरम पाण्याची पिशवी केली आणि घरी फोन लावत राहिले. आमच्याकडे रेंज येते-जाते, त्यात दीड तास गेला. आई म्हणाली, ‘तुमच्याकडची द्या की.’ दमा आहे का, पित्ताचा त्रास आहे का, पूर्वी कोणती गोळी बाधली आहे का, सगळे विचारले. सगळ्याला नाही असे उत्तर आले. तरीही पर्सची चेन उघडायला माझा हात गेला नाही. अडीचच्या बसने मी तिला घेऊन निघाले, ती वाटभर ओढणी दातांत धरून बसली होती आणि स्टॉपवर आजी उभी होती.