क्राबीत पैसा ताटात जात नाही, होडीत जातो

थायलंडच्या दक्षिणेतल्या क्राबीच्या सहलीचा हिशेब बहुतेक जण जेवणापासून मांडायला घेतात आणि तिथेच तो फसतो. दोन वेळचं जेवण, पाणी, कॉफी आणि मधल्या वेळचं फळ धरूनही माणशी ४०० ते ५०० थाई बाटमध्ये दिवस छान जातो, हात आखडता घ्यावा लागत नाही. खिसा रिकामा होतो तो होड्यांवर, आणि त्यातही अंधार पडल्यानंतरच्या होडीवर. म्हणून कागदावर आधी होड्या लिहाव्यात. थाळीचा विचार नंतर केला तरी चालतो.

नीट समजून घ्यायची फेरी म्हणजे आओ नांग या किनाऱ्यावरच्या गावापासून रायलेच्या किनाऱ्यापर्यंतची. रायले बेट नाही, जमिनीला जोडलेलंच आहे, पण मागे चुनखडीचे उभे कडे असल्यामुळे तिथे रस्ता जात नाही. जायचं ते लाँगटेल, म्हणजे मागे लांब दांड्याचं इंजिन असलेल्या लाकडी बोटीनेच. आओ नांगच्या किनाऱ्यावर तिकिटाची खिडकी आहे. दिवसा एका बाजूचे माणशी १०० बाट, साधारण सहानंतर १५०. हे दर सगळ्यांना माहीत असतात. लोक गडबडतात ते पुढच्या नियमाला: बोट आठ माणसं जमल्यावर सुटते. आधी निघायचं असेल तर रिकाम्या जागांचे पैसे आपण भरायचे.

सकाळी याचा काही त्रास नाही, आठ माणसं बघता बघता जमतात. संध्याकाळी मात्र गणित उलटं होतं. दोघंजण दिवसा जाऊन दिवसाच परतले तर येण्याजाण्याचे ४०० बाट. तेच दोघं रायलेला लागून असलेल्या फ्रा नांगच्या वाळूवर सूर्यास्त बघत बसले आणि परतायला दुसरं कोणी मिळालं नाही, तर आठ जागांचे १,२०० बाट द्यावे लागतात. जातानाचे २०० धरून १,४००. एका सूर्यास्ताचे हजार बाट जास्तीचे! एवढ्यात दोघांचं दिवसभराचं खाणं झालं असतं. यात बोटवाल्याची लबाडी नाही, दर पाटीवर लिहिलेला असतो आणि परतताना त्याची बोटही रिकामी धावते. मला राग येतो तो टूर विकणाऱ्यांचा, कारण "रायलेचा सूर्यास्त चुकवू नका" हे ते आवर्जून सांगतात आणि परतीच्या बोटीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. साडेपाचपर्यंत परतीच्या बोटीसाठी रायलेच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावर येऊन उभं राहावं. उशीर झालाच तर लाजू नये, वाळूवर जो दिसेल त्याला "आओ नांग?" असं विचारत सुटावं. सगळेच त्याच अडचणीत असतात आणि आठ डोकी जमतात. सूर्यास्त तर आओ नांगच्या किनाऱ्यावरूनही तितकाच सुंदर दिसतो.

ओहोटीचंही भान हवं. पाणी मागे सरलं की बोट किनाऱ्याला लागत नाही, गुडघाभर किंवा त्याहून खोल पाण्यातून चालत जाऊन चढावं लागतं. हाफ पँट घालावी, फोन आणि पासपोर्ट पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावे. चाकांची मोठी बॅग घेऊन रायलेला राहायला जाणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. शिवाय तिथे पाण्याच्या बाटलीपासून बर्फापर्यंत सगळं बोटीनेच येत असल्यामुळे खाण्यापिण्याचे दर आओ नांगपेक्षा चढे असतात. माझं मत स्पष्ट आहे: मुक्काम आओ नांगला, रायले दिवसभरासाठी.

बेटांच्या टूरमध्ये राष्ट्रीय उद्यानाची फी बऱ्याचदा धरलेली नसते. फी फी बेटांवरच्या माया बे या खाडीसाठी परदेशी प्रौढाला ४०० बाट आणि मुलाला २०० पडतात. चौघांच्या कुटुंबाला हे १,२०० बाट बोटीवर अचानक रोख मागितले जातात. पावतीवर फी धरली आहे की नाही ते लिहून घ्यावं, तोंडी "हो हो" ऐकून समाधान मानू नये. माया बे दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद ठेवतात, म्हणून त्या महिन्यांत टूर घेणाऱ्याने तिथे नक्की उतरवणार का, हे आधी विचारावं. स्पीडबोटीत पुढच्या बाजूला दणके सर्वांत जास्त बसतात. पाठीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती घेऊच नये, मोठी फेरीबोट बरी.

जमिनीवरचा प्रवास सोपा आहे. विमानतळावरून आओ नांगची बस माणशी साधारण १५० बाट, टॅक्सी ६०० च्या आसपास. दोघं असाल तर बस. चौघं असाल तर टॅक्सी तेवढ्याच पैशात हॉटेलच्या दारात सोडते. क्राबी शहर ते आओ नांग पांढऱ्या सोंगथेव धावतात, अगदी आपलं वडाप. हात दाखवायचा, मागे चढायचं, उतरायचं तिथे बेल दाबायची आणि ५०-६० बाट खाली उतरून द्यायचे. रात्री दर वाढतो.

स्कूटर दिवसाला २००-३०० बाटला मिळते, म्हणून मोह होतो. पण मोटरसायकलचा वर्ग नोंदवलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात प्रवास विमा हात वर करतो, आणि मग दवाखान्याचं बिल सगळ्या सहलीला भारी पडतं. हा परवाना निघण्याआधी आरटीओतून १,००० रुपयांत मिळतो. दुकानदाराकडे पासपोर्ट तारण ठेवू नये, रोख अनामत द्यावी आणि आधीचे ओरखडे त्याच्यासमोर व्हिडिओत टिपून घ्यावेत.

आता ताट. भातावर दोन भाज्या किंवा रस्से घालून देणाऱ्या ट्रेच्या खानावळी स्वस्त आणि मस्त, ५०-६० बाटला पोट भरतं. दुपारनंतर ट्रे रिकामे होतात, तेव्हा बारापर्यंत पोचावं. शाकाहाऱ्यांनी नुसतं "चिकन नको" म्हणून भागत नाही, कारण माशाचा सॉस भाजीतही पडतो. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरांत "जे" (เจ) ची खूण दिसली की निर्धास्त बसावं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन मंडळींनाही ते बरंच सोयीचं.

किनाऱ्यालगतच्या रेस्टॉरंटात बर्फावर मांडलेला मासा मात्र जपून निवडावा. पाटीवर १२० लिहिलेलं असतं ते १०० ग्रॅमचं, अख्ख्या माशाचं नाही. सव्वा किलोच्या आतबाहेरचा, म्हणजे १,२०० ग्रॅमचा मासा १,४४० बाटचा झाला. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत अधिकची दोन चिन्हं असतील तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर ७ टक्के कर. बिल येतं जवळपास १,७०० चं. मासा काट्यावर डोळ्यांसमोर ठेवायला लावावा, आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवायला सांगावा, मगच शेगडीवर जाऊ द्यावा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

पिण्याचं पाणी नळाचं नको. रस्त्याकडेच्या यंत्रांतून लिटरला साधारण बाटभर देऊन बाटल्या भरता येतात. बिअर दुकानातून घेतली तर किनाऱ्यावरच्या बारपेक्षा बरीच स्वस्त, पण मध्यरात्रीनंतर दुकानं देत नाहीत आणि मोठ्या बौद्ध सणांना विक्री बंद असते.

एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाट किंवा थोडे जास्त कापतं, म्हणून दोन-दोन हजार काढत बसण्यापेक्षा एकदाच मोठी रक्कम काढावी. यंत्र रुपयांत रूपांतर करू का विचारतं, तिथे ठाम नाही म्हणावं. तो दर नेहमीच तोट्याचा. हजाराची नोट मोठ्या दुकानात मोडून घ्यावी, ठेलेवाल्याकडे सुटे नसतात.

मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो आणि बोटी ऐनवेळी रद्द होतात. अशा दिवसांत फी फीहून परतायचा दिवस आणि विमानाचा दिवस एक ठेवू नये. मधली एक रात्र क्राबी शहरात काढावी आणि तिचं भाडं पहिल्यापासून बजेटमध्ये धरावं.