सेर्वुस, जोहार आणि आजचा फोन

१२ जानेवारी, म्युनिक

शुक्रवारी ऑफिसातल्या मैत्रिणीला सहज विचारलं, तुमच्या 'सेर्वुस'चा अर्थ काय गं? बायर्नमध्ये भेटताना सेर्वुस, निघतानाही सेर्वुस. चार वर्षं मीही म्हणतेय. ती म्हणाली, "लॅटिनमध्ये गुलाम. म्हणजे, मी आपला दास." इटालियन 'चाओ'सुद्धा त्यातलाच, व्हेनिसच्या बोलीतल्या 'गुलाम' या शब्दावरून आलेला. मग हसून म्हणाली, "पण आता कुणाच्या लक्षात असतं?"

मीही हसले. जागेवर येऊन बसले आणि आजी आठवली.

आजी सांगायची, तिच्या सासऱ्यांना पाटलाच्या वाड्यावर जायचं तर लांबूनच वाकून 'जोहार मायबाप' म्हणावं लागे. पाटील काही उलट जोहार करत नसे. सेर्वुस दोघंही एकमेकांना म्हणतात, म्हणून त्यातला गुलाम झिजून गेला. जोहार एकाच बाजूने चालायचा. तो झिजला नाही, आमच्या लोकांना तो टाकावा लागला. (गडचिरोलीकडचे माझे गोंड मित्र एकमेकांना 'सेवा जोहार' म्हणतात, त्यात मायबाप नसतो. तो जोहार ऐकायला फार गोड वाटतो.)

टाकला, त्याच्या जागी 'जय भीम' आला. तो रुजवला कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी. १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी वारले. वय जेमतेम ३५. आमच्या नागपूरच्या घरात कलेक्टर आला तरी जय भीम आणि दूधवाला आला तरी जय भीम. समोरचाही तेच म्हणतो. वाकायचं कुणी, हा प्रश्नच येत नाही.

इथल्या लोकांचे अभिवादनाचे नियम मात्र मला अजून नीट जमत नाहीत. डॉक्टरकडे बाहेरच्या खोलीत शिरणारा माणूस सगळ्यांना मिळून 'ग्रुस गॉट' म्हणतो, सगळे पुटपुटत उत्तर देतात, आणि मग तासभर कुणी कुणाकडे बघत नाही. ग्रुस गॉट म्हणजे देव तुझं भलं करो. आम्ही बौद्ध, त्यामुळे सुरुवातीला जरा अडखळायचे. आता बिनदिक्कत म्हणते, त्यांचा देव काही माझ्याकडे हिशेब मागत नाही. दुपारी बारा वाजले की कॉरिडॉरमध्ये जो भेटेल तो 'मालत्साइट' म्हणतो. शब्दशः, जेवणवेळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "नाही, अजून नाही जेवले." तो बिचारा गोंधळून उभाच राहिला. आपल्याकडे 'जेवली का?' विचारणाऱ्याच्या घरात निदान पोळी-भाजी तरी असते. मालत्साइटच्या मागे ताट नसतं. टॉयलेटच्या दारातसुद्धा म्हणतात!

आज रविवार, मराठी मंडळींचं तिळगुळाचं होतं. दारात सगळ्यांना 'नमस्कार, नमस्कार' करत आत गेले. नेहमी तेच करते. नमस्कारातून काही कळत नाही, एवढ्यासाठीच. आडनाव आमचं असं आहे की त्यातूनही चटकन कळत नाही. एका काकूंनी तिळगूळ देता देता विचारलंच, "नागपूरच्या म्हणजे नेमक्या कुठल्या?" मी म्हणाले, "सीताबर्डीजवळ." खरं तर जवळ नाही.

परतताना त्याच काकू एस-बानमध्ये शेजारी बसल्या. साडेचार वाजले होते, म्हणजे तिकडे रात्रीचे नऊ. बाबांचा फोन आला. आज बाबू हरदासांचा स्मृतिदिन, बाबा सकाळीच कामठीला जाऊन आले असणार, हे मला ठाऊक होतं. आमचा फोन कधीही 'हॅलो'ने सुरू होत नाही. पलीकडून बाबा मोठ्या आवाजात म्हणाले, "जय भीम बेटा!"

काकू डब्याचं झाकण लावत होत्या. मी म्हणाले, "हां, हॅलो बाबा."

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मागे टीव्ही चालू होता तेवढाच.

"गाडीत आहेस का?" त्यांनी विचारलं. "बरं. जेवली का?"