माइक बंद केला, हरकत नाही

सभा सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती आणि ते गृहस्थ तिसऱ्यांदा माइकच्या रांगेत. ऑनलाइन सभेत रांग म्हणजे पडद्याच्या कडेची नावांची यादी. त्यात ते नाव वर सरकू लागलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

आमचा कार्यगट एका प्रोटोकॉलचा, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्या नियमांचा, मसुदा लिहितो. मी त्याचा सह-अध्यक्ष. काम बिनपगारी, शिव्या मात्र पदासोबत मिळतात. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफची रीत आम्ही उचलली आहे. तिथे मतदान नसतं. 'राजे नकोत, राष्ट्राध्यक्ष नकोत, मतदान नको. ढोबळ सहमती आणि चालता कोड हवा' अशा अर्थाचं इंटरनेटच्या जुन्या शिल्पकारांपैकी एक, डेव्हिड क्लार्क यांनी 1992 साली म्हटलं होतं. कल आजमावायला लोक चक्क हुंकार भरतात. आयईटीएफच्या आरएफसी 7282 या 2014 च्या दस्तऐवजात तर बाजूने पाच आणि विरोधात शंभर असले तरी ढोबळ सहमती असू शकते, असं स्वच्छ लिहिलंय. डोकी मोजायची नाहीत. प्रत्येक हरकतीला उत्तर मिळालं का ते बघायचं.

हे वाचायला छान आहे. पण खुर्चीत बसल्यावर कळतं की ‘तुम्ही एकटेच आहात, आता पुरे’ असं कुणालाही म्हणण्याची सोयच उरत नाही.

या गृहस्थांशी मी महिन्यापूर्वी खासगीत बोललो होतो. मागच्या सभेत सर्वांसमोर ताकीदही दिली होती. हा क्रमही आमचा नाही, 2004 च्या आरएफसी 3934 मधला: आधी एकांतात बोला, मग जाहीर समज द्या, तरी फरक पडला नाही तर लेखी चर्चेतून जास्तीत जास्त 30 दिवस बाहेर ठेवा. आम्ही तो सभांनाही लावतो.

त्यांची पाळी आली. मसुद्याची संपादक एक विद्यार्थिनी आहे. तिचा हा पहिलाच मसुदा. ते म्हणाले, “ज्यांना बाइट मोजता येत नाहीत, त्यांनी मसुदे लिहू नयेत.”

तिचा कॅमेरा बंद झाला. चेहऱ्याच्या जागी नुसती आद्याक्षरं.

मी माइक बंद केला आणि 30 दिवसांचा निर्णय वाचून दाखवला. आवाज कापत होता, हे नंतर दुसऱ्या सह-अध्यक्षांनी सांगितलं. दोघातिघांनी खासगीत ‘सुटलो’ म्हणून कळवलं. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं.

संध्याकाळी टिपणं नीट करायला बसलो. त्यांच्या पहिल्या दोन वेळच्या बोलण्यापुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘जुनीच हरकत, पुन्हा.’ रेकॉर्डिंग लावून ऐकलं. जुनी हरकत नव्हतीच. संदेशाच्या सुरुवातीला 4 बाइटचा हेडर, म्हणजे मजकुराआधी येणारी माहिती, आणि त्यात 16 बिटांचं ‘लांबी’ हे फील्ड, म्हणजे रकाना. या लांबीत हेडर धरायचा की नाही, ते मसुद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं! समजा मजकूर 20 बाइटचा आहे. एकजण हेडरसकट 24 लिहून पाठवणार. दुसरा हेडरनंतर 24 बाइट वाचणार, म्हणजे पुढच्या संदेशाचे पहिले 4 गिळणार. तिथून पुढे सगळंच सरकलेलं.

बाइट मोजण्याचा टोमणा तिथून आला होता. अपमान होताच, त्याबद्दल शंका नको. निर्णय मी आजही बदलणार नाही. पण त्यांनी दोनदा बऱ्या शब्दांत सांगितलं तेव्हा मी ऐकत नव्हतो, नाव बघत होतो.

रात्री ती हरकत त्यांच्या नावानिशी नोंदवली आणि संपादकाला फोन केला. तिने ती आधीच पाहिली होती. दोन वेगवेगळे कोड एकमेकांशी बोलवून पाहिले होते. बरोबर 4 बाइटचा फरक.

“वाक्य दुरुस्त करते,” ती म्हणाली. “आभारात त्यांचं नाव टाकायचं ना, सर?”

“नियमाने टाकायला हवं.”

“टाकते. पण पुढच्या सभेत माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी मसुदा मांडेल. चालेल ना?”