आजींच्या पिशवीतली बाटली

आजींना आणलं तेव्हा नाडी मिनिटाला ४२ होती. दोन दिवस उलट्या, पोट बिघडलेलं, आणि पहाटे बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही, एवढं नशीब. कॅज्युअल्टीत 'गॅस्ट्रो' लिहून सलाईन सुरू झालं होतं.

मी हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. लोकांना वाटतं मी काउंटरवर गोळ्या देते. माझं काम वॉर्डात असतं. पेशंट घरी नेमकं काय काय घेतो, ते मी शोधून काढते.

'औषधं कुठली चालू आहेत?' असं मी विचारतच नाही. 'बीपीचं आणि विसरण्याचं' यापलीकडे उत्तर येत नाही. मी सांगते, घरी जा आणि सगळं पिशवीत भरून आणा. फ्रिजमधलं, देवघरातलं, उशाखालचं, चूर्ण, तेल, काढा, सगळं. मग पलंगावर एकेक वस्तू मांडते, पट्ट्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजते, बिलावरच्या तारखेशी ताडून बघते. अर्धा तास जातो. या अर्ध्या तासाला आमच्याकडे कुणी काम समजत नाही, याचा मला मनापासून राग येतो. त्या दिवशी फाइलमध्ये तीन डॉक्टरांनी 'इतर औषधे: नाहीत' लिहिलं होतं. पिशवी तिघांनीही मागितली नव्हती.

सूनबाई दुपारी पिशवी घेऊन आल्या. बीपीचं मेटोप्रोलॉल, विसरण्यावरचं गॅलॅन्टामाइन, कॅल्शियम, आणि तळाशी एक अमेरिकन बाटली. लेबलावर 'ह्युपरझिन ए, २०० मायक्रोग्रॅम'.

"मोठ्या भाऊजींनी न्यू जर्सीहून पाठवलीय. औषध नाहीये ते मॅडम, झाडपाल्याचं आहे." सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच आठवडे चालू होती. तिथे ती प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळते.

पण गॅलॅन्टामाइनही झाडपाल्याचंच. स्नोड्रॉप नावाच्या युरोपातल्या पांढऱ्या फुलांच्या झाडापासून १९५०च्या दशकात बल्गेरियात त्याचं औषध तयार झालं, आणि २००१ मध्ये अल्झायमरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. ह्युपरझिन नेच्यांच्या लांबच्या नात्यातल्या एका चिनी वनस्पतीतलं. दोघांचं काम एकच. मेंदूतलं ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम ते अडवतात. आठवणीला हे रसायन लागतं, पण तेच आतडी हलवतं आणि हृदयाचा वेग कमी करतं. त्यात मेटोप्रोलॉलही नाडी मंदावणारं. म्हणजे आजींच्या हृदयाला तीन बाजूंनी ब्रेक लागला होता.

बाटली बंद केली. डॉक्टरांनी बाकीची दोन औषधंही थांबवली. तिसऱ्या दिवशी नाडी ६२ झाली, आजींनी मऊ भात मागून खाल्ला. मी समाधानाने निघाले होते, तेवढ्यात सूनबाईंनी जिन्यात गाठलं.

"एक सांगू मॅडम? त्या गोळ्यांनंतर आई मला नावाने हाक मारायला लागल्या होत्या. दीड वर्ष मी त्यांच्यासाठी नुसती 'अहो बाई' होते."

यावर मला बोलता आलं नाही. गॅलॅन्टामाइनचा डोस त्याच महिन्यात ८ वरून १६ मिलिग्रॅम केला होता. हाक त्यामुळे आली, बाटलीमुळे आली, की दोन्हींमुळे, हे कसं सांगणार? 'बाटलीने काहीच होत नाही' हे तर खोटं ठरलं असतं. ज्या कामाने नाडी ४२ वर आली, त्याच कामाने कदाचित ते नावही आलं होतं.

रात्री आजींच्या न्यू जर्सीतल्या मुलाचा फोन आला. तो रागावला नाही. स्मरणशक्तीसाठी विकतात तो जिन्को हा झाडपाला पाठवू का, म्हणाला. मी त्याला २००८ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्याच चाचणीबद्दल सांगितलं. ३,०६९ वृद्ध, त्यातल्या सुमारे निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, कित्येक वर्षं, आणि डिमेन्शिया होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. मग ब्राह्मी? त्या नावाने बाजारात दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि त्यातली जलब्राह्मी प्रयोगशाळेत हेच एन्झाइम अडवताना दिसलीय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, म्हटलं. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"मग मी इथून पाठवू तरी काय?"

तीन आठवड्यांनी आजी ओपीडीत आल्या. नाडी ६६, उलट्या नाहीत. गॅलॅन्टामाइन पुन्हा ८ मिलिग्रॅमवर सुरू केलं होतं. निघताना मी सूनबाईंना हळूच विचारलं, "नावाने हाक मारतात का?"

"कधी कधी," त्या म्हणाल्या.