पद्मिनीचे रबर, कॉर्क आणि गोव्याचा पाऊस

वडिलांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी फोंड्यातील आमच्या घराच्या पडवीला लागून नऊ वर्षे उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले तेव्हा इंजिन आणि पत्रा यांचीच चिंता होती. रबर ही शेवटी, बाजारातून एका फेरीत आणायची वस्तू आहे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सर्वाधिक वेळ त्या रबरानेच खाल्ला.

माझा आग्रह असा होता, की गाडीला लागेल ते सर्व अस्सल हवे. म्हापशाच्या एका दुकानात पुढच्या काचेचे रबर मूळ वेष्टनासह मिळाले आणि गाडी जिथे बनत असे त्या कुर्ल्याच्या कारखान्याच्या काळातील वस्तू हाती आली म्हणून मी घासाघीसही केली नाही. घरी आल्यावर आमच्या वयस्कर मेस्तांनी, म्हणजे मिस्त्रींनी, ते बोटांत धरून घडी घातल्यासारखे वाकवले. बाकाच्या जागी केसांसारख्या बारीक भेगा उमटल्या. ‘‘बाब, पाकिटात राहिले तरी रबराचे वय थांबत नाही,’’ एवढेच ते म्हणाले. हवेतील ओझोन ताणलेल्या नैसर्गिक रबराला भेगा पाडतो, हे मी वाचले होते. पण पैसे मोजताना ते आठवले नाही.

त्यानंतर अस्सल या शब्दाचा अर्थ मला बदलावा लागला. काचेच्या रबराचा छेद, म्हणजे त्यातील खाचांची रुंदी, खोली आणि चकचकीत पट्टी (बिडिंग) बसण्याची जागा, मूळ नमुन्याशी तंतोतंत जुळायलाच हवी. नाहीतर काच बसली तरी कोपऱ्यांत पाणी शिरते आणि चौकटीचा पत्रा आतून गंजतो. द्रव्य मात्र ईपीडीएम हे कृत्रिम रबर असलेलेच बरे, कारण ऊन आणि ओझोन ते नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी चांगले सोसते. म्हणून जुन्या रबराचा वीतभर तुकडा सोबत नेऊन, प्रत्येक दुकानात छेदाला छेद लावून पाहिला. एका ठिकाणचे रबर बोटाला काळे लागत होते आणि त्याला उग्र वास होता. ते मी सोडून दिले.

पेट्रोलच्या नळीला हा नियम लागू होत नाही, हे मी काचेच्या दोन बाटल्यांत पाहिले. ईपीडीएमचा तुकडा दोन दिवस पेट्रोलमध्ये ठेवल्यावर फुगून लिबलिबीत झाला, तर नायट्राइल या दुसऱ्या कृत्रिम रबराचा तुकडा जवळपास होता तसाच राहिला. वीस टक्के इथेनॉल असलेल्या आजच्या पेट्रोलमुळे नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारेच घेतले. ब्रेकमधील रबरी वाट्यांचे गणित पुन्हा वेगळे: तिथे ईपीडीएम चालते, पण त्याला ग्रीसचे बोटही लागू द्यायचे नाही.

इंजिनात मात्र मी जुन्या वाटेवरच राहिलो. वरच्या टॅपेट कव्हरला आणि खालच्या तेलाच्या चेंबरला कॉर्कचे पॅकिंग घेतले. ते कोरडे पडून आखडले होते. कोमट पाण्यात काही तास भिजवल्यावर भोके पुन्हा बोल्टांसमोर आली. त्याआधी एका गॅरेजमध्ये कव्हर कडेने सिलिकॉन फासून बसवून दिले होते, आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येत होता. असे सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडते आणि उघड्या धातूला गंज चढवते; शिवाय आत ओघळलेले त्याचे तुकडे तेलाच्या जाळीत अडकू शकतात. ते खरवडायला एक पूर्ण दुपार गेली. कॉर्क बसवताना नट मधून बाहेर, थोडे थोडे आवळले. हात जड झाला की कॉर्क बाहेर फुटते.

काच बसवायचे काम मेस्तांनी केले. रबराच्या खाचेत सुतळी घालून, साबणाचे पाणी लावून, काच बाहेरून टेकवली आणि आतून सुतळी ओढत गेले तसतशी रबराची कड चौकटीवर उलटत गेली. मी बाहेरून तळहाताने काच दाबत होतो, जणू काही मलाच ती बसवायची होती.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पायाखाली अंथरलेले वर्तमानपत्र उचलून पाहिले. चालकाच्या बाजूचे कोरडे होते, डावीकडचे ओले. काचेच्या रबरात दोष सापडेना. बॉनेटवर पाणी ओतून पाहिल्यावर उमगले, की वायपरच्या दांड्याखालील अंगठीएवढे रबर आम्ही बदललेच नव्हते. ते लाकडासारखे कडक झाले होते.