पुस्तक मिटा आणि मग आठवा

परीक्षा जवळ आली की बऱ्याच जणांचं एकच चालू असतं, तोच धडा परत वाचायचा, हायलायटरने अजून चार ओळी रंगवायच्या, आणि सगळं ओळखीचं वाटतंय म्हणून पान उलटायचं. पण वाचताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक समोर नसताना आठवणं वेगळं. पेपरात दुसरंच लागतं, आणि सराव मात्र सगळा पहिल्याचा होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं कारण मुलं मेहनत कमी करत नाहीत हो.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासून बघितलं. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला, मग काहींनी तोच परत वाचला आणि काहींनी न बघता आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र उलटं झालं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. म्हणजे परत वाचल्याचा फायदा लगेच दिसतो, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो, आणि तो टिकत नाही.

करायचं कसं, तर समजा किडनीचा धडा वाचलात. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि लिहायला लागा. रक्त ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात, गाळलं जातं इथपर्यंत सुरळीत येतं, मग ग्लुकोज परत रक्तात नेमकं कुठे शोषलं जातं तिथे पेन अडतो. लगेच पान उघडू नका, मिनिटभर डोकं खाजवा, जमेल तसं उत्तर लिहा आणि मगच बघा. ही अडखळ त्रासदायक असते पण शिकणं तिथेच होतं, आणि आपल्याला काय येत नाही हेही तिथेच कळतं.

आता विसरण्याबद्दल. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मांडले. सुरुवातीच्या काही तासांत विसरणं सगळ्यात जोरात होतं, नंतर वेग मंदावतो. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते, जे पार विसरलंय असं वाटतं तेही दुसऱ्यांदा पाठ करायला कमी वेळ लागतो. तेव्हा काही आठवलं नाही म्हणून खचून जाऊ नका, उजळणी एकाच बैठकीत न उरकता दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने अशी पसरवा.

आणि झोप. नवीन आठवण आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागावर अवलंबून असते, आणि मग हळूहळू पक्की होते. हेन्री मोलेसन या रुग्णावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंचा बराचसा हिप्पोकॅम्पस काढला गेला, त्यानंतर भेटलेली माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत, बालपणीचं मात्र बरंच आठवायचं. दिवसभरात शिकलेलं पक्कं होण्याचं काम झोपेत चालू राहतं, त्यामुळे रात्रभर जागून केलेल्या अभ्यासाच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्यापेक्षा वेळेवर झोपा, आणि सकाळी वही उघडायच्या आधी कालचा धडा कोऱ्या कागदावर उतरवून बघा.